शालूबाईचे केस

वरवट बकालात दिवेलागणीच्या वेळी शालूबाईच्या अंगणापुढून जाणारी बाई पदर सावरते आणि पाय जरा झपाझप उचलते. का म्हणून विचारलं तर कोणी नीट सांगत नाही. "कायी नाही बाई, जपून राह्यलेलं बरं," एवढंच म्हणतात. गावाची रीतच आहे ही. ज्या गोष्टीला पुरावा नसतो, ती गोष्ट गाव तळहातावरच्या फोडासारखी जपतं.

शालूबाई आता ऐंशीच्या घरात आहे. अंगाचं चिपाड झालंय, पण नजर शाबूत आणि जीभही. घरात एकटी असली तरी पदर कपाळावर ओढलेला असतो. पदराखाली केस कातरलेले, मानेला टेकणार नाहीत इतके. कातरते तीच, दारात बसून, गोधड्या शिवायच्या कात्रीने. कातरलेले केस चुलीत टाकते. तो वास गल्लीत गेला की दोन-चार खिडक्या लागतात.

आणि रोज संध्याकाळी, दिवा लावून ती ओट्यावर टेकली, की तिचा हात एकाएकी मानेमागे जातो. कोणी मागून केस ओढले तर जाईल तसा. मग ओठ हलतात. ती काही पुटपुटते, जरा थांबते, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते.

हे सगळ्यात जास्त वेळा कोणी पाहिलं असेल तर तिच्या लेकीने, जयमालाने. जयमाला खामगावला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. शालूबाईला मूल हे एकच. नवरा रामराव जाऊन बरीच वर्षं झाली, शेत बटईने दिलेलं. जयमालाने आईला खामगावला चल म्हणून किती विनवलं, पण म्हातारी हलली नाही. "माह्यं इथं काम हाय," म्हणायची. काय काम, ते सांगायची नाही. जयमालाचं लग्न झालं नाही. पाहुणे यायचे, चहा व्हायचा, आणि गावातून जाता जाता कोणीतरी त्यांच्या कानाला लागायचं, की ही त्या शालूबाईची पोरगी. पुढे तिने कांदेपोह्यांचा नादच सोडला.

मूळ गोष्ट घडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घर एकत्र होतं. रामराव आणि धाकटा शेषराव हे दोघे भाऊ, त्यांच्या बायका शालूबाई आणि तानुबाई, वर सासू. तानुबाईचा दीपक तेव्हा मांडीवरचा. दोघी जावा म्हणजे भांड्याला भांडं लागायचंच, आणि त्या साली गोठ्याच्या जागेवरून दोघींत आठवडाभर अबोलाही झाला होता. पण अबोला धरून एकमेकींची वेणी घालायच्या, इतकं त्यांचं भांडण खरं होतं. शालूबाईचे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत. तानुबाई ते विंचरताना मुद्दाम हिसका द्यायची आणि वर विचारायची, "लागलं काय वं?"

ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बायकांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या जमिनीतलं धान्य चालत नाही, भाजी चालत नाही. आपोआप उगवलेलं, हाताने खणून काढलेलं तेवढंच चालतं. सकाळी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचे, आंघोळी करायच्या, आणि रानच्या पाल्याची, कंदांची भाजी एकदाच रांधून खायची. सासूने उद्यापन केलेलं, म्हणून ती मोकळी होती. उपास दोघींचाच होता.

जयमालाला त्या सकाळचं एकच नीट आठवतं. मोरीपाशी बसून तानुकाकू कंद धूत होती आणि हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ओला कंद हातात धरून ती शालूबाईला म्हणाली, "नांगराचं खायचं नाही आज, अन् हा तं सोताच नांगर निघाला, म्हनते!" कंद दोन फाट्यांचा, खरोखर नांगराच्या बाकासारखा वाकडा होता. आई पण हसली. पोरीला त्यातलं काही कळलं नाही, पण दोघी हसतात म्हणून तीही हसली.

रात्र व्हायच्या आत दोघींना उलट्या सुरू झाल्या, मग हगवण. पावसाळ्याचे दिवस, लोकांनी पटकी धरली. सलाइन लागली, औषधं झाली. चौथ्या-पाचव्या दिवशी तानुबाई गेली. शालूबाई वाचली. तानुबाईची तेरवी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी शालूबाई वेणी घालायला बसली तर फणीबरोबर अख्खी बट हातात आली. दुखलं नाही, खुपलं नाही. संध्याकाळपर्यंत अंगणात केसांचा ढीग झाला आणि डोकं नारळासारखं दिसायला लागलं.

सासूने कपाळावर हात मारला. "करनी उलटली. जिनं केली तिच्याच डोक्यावर आली." पटकीने केस जात नाहीत हे गावाला ठाऊक होतं, आणि अबोल्याची गोष्ट तर होतीच. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? शेषरावाने चावडीपुढे उभं राहून शब्द टाकला, "ह्या बाईच्या तिरडीले माह्या घरचा खांदा लागनार नाही." दिवाळीच्या आत अंगणात भिंत उभी राहिली.

शालूबाईने एका शब्दानेही नाकारलं नाही. वाटणीत विहीर शेषरावाकडे गेली, तेव्हा तिने एकच अट घातली, की विहिरीवर लोखंडी जाळी बसवायची. गावाने त्याचाही अर्थ लावला. करणीचं सामान विहिरीत टाकलंय, ते वर येऊ नये म्हणून जाळी. जाळीचा खर्च तिनेच केला आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा डबा दीपकच्या हाती पाठवत राहिली, जाळी गंजू नये म्हणून.

केस पुढे परत आले, काळेभोर आले. पण तिने ते वाढू दिले नाहीत. तिच्या हातचं पाणीही तेव्हापासून भावकीत कोणी घेतलं नाही.

जयमाला शिकली, शिकवायला लागली, आणि गंमत अशी की त्या दिवसाची किल्ली तिच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होती. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पेशीविभाजन दाखवायचं असतं. कांद्याला मुळ्या फोडायच्या, सकाळी त्यांची टोकं कापायची, रंग द्यायचा, काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने दाबायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पण जिवंत पेशी घाईत असते, नेमकी हवी त्या क्षणी सापडत नाही. म्हणून टोकं आधी कोल्चिसीनच्या पाण्यात ठेवतात. त्या औषधाची एक इवलीशी बाटली कुलपात असते, आणि ते निघतं कळलावीच्या कंदातून. हेही ती दर वर्षी फळ्यावर लिहायची. लिहून पुसायची.

शिकवायची मात्र जीव ओतून. "प्रत्येक पेशीत बारीक नळ्या असतात," ती सांगायची. "सूक्ष्मनलिका. प्रथिनाच्या जोड-विटा एकावर एक चढतात, तेरा रांगा गोल उभ्या राहतात आणि मधे पोकळी राहते. गवंडी बांधतो तसं हे बांधकाम टिकायला नसतं. नळी एका टोकाने वाढते, वाढता वाढता अचानक ढासळते, पुन्हा वाढते. तुम्ही म्हणाल, हा वेड्याचा कारभार. पण पेशी एकाची दोन व्हायला निघाली की याच नळ्या दोन बाजूंनी निघतात आणि अंधारात चाचपडतात. गुणसूत्र हाती लागलं नाही की मोडतात आणि दुसऱ्या दिशेला जातात. हाती लागलं की धरतात. दोन्हीकडून धरलं, ताण बसला, सगळी गुणसूत्रं मधोमध रांगेत आली, की मगच जोड्या सुटतात आणि अर्धी इकडे, अर्धी तिकडे ओढली जातात. मोडता येतं म्हणून शोधता येतं. न मोडणारी नळी काही कामाची नाही."

मग ती कोल्चिसीनवर यायची. विषाचा कण त्या विटेलाच चिकटतो. तशी वीट नळीच्या टोकावर बसली की पुढची बसत नाही. जुन्या नळ्या मोडत जातात आणि नव्या उभ्या राहत नाहीत. गुणसूत्रं जाडजूड, तयार होऊन उभी, पण ओढणारं कोणी नाही. पेशी एकही राहिलेली नसते आणि दोनही झालेली नसते.

मुलांना ती काचपट्टी फार आवडायची. गुणसूत्रं इतकी ठसठशीत दिसायची की मोजता यावीत. जयमालाला मात्र ती बघताना दर वेळी अंगावर काटा यायचा. उगाच वाटायचं, की आपण कोणाच्या तरी थांबलेल्या घरात डोकावतोय. ती सूक्ष्मदर्शकापासून बाजूला होऊन मुलांना जागा द्यायची.

उलगडा व्हायला कारकून अनंताचा अंगठा लागला. अनंत कार्यालयात बसतो, तोंडाने पोलिस आणि मनाने गरीब. त्याच्या पायाचा अंगठा सुजायचा, रक्तात युरिक आम्ल वाढून. डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, सांगितल्यापेक्षा एकही जास्त नको. अनंताला ठणका सहन होईना. एका गोळीने इतकं, तर मूठभर गोळ्यांनी किती, असा हिशेब त्याने स्वतःच केला. उलट्या, हगवण होऊन दवाखान्यात पडला, कसाबसा वाचला. परत कामावर आला तेव्हा उन्हाळा नसताना डोक्यावर टोपी होती. जयमालाने सहज विचारलं आणि त्याने टोपी काढली.

डोकं नारळासारखं.

"पंधरा दिवसांनी गेले मॅडम, एका दिवसात सगळे," तो ओशाळून म्हणाला. "डॉक्टर म्हने, त्या गोळीनं अशेच जातेत. कोल्चिसीन म्हनतेत तिले."

जयमालाला सगळं सरळ दिसायला लागलं. शरीरात जिथे पेशी सगळ्यात भराभर दुपटतात, तिथे हे विष आधी अडतं. पोटाचं अस्तर दर चार दिवसांनी नवं होतं, म्हणून पहिलं पोट. मग रक्त. केसाच्या मुळाशीही तीच लगबग असते, पण आतून तुटलेला केस बाहेर यायला पंधरवडा जातो. म्हणजे तेरवीचा दुसरा दिवस. फळ्यावर कळलावी लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या आईचं डोकं इतकी वर्षं दिसलं नव्हतं. ती घरी जाऊन रडली. आणि रडून झाल्यावर तिला आनंदही झाला, कारण आता पुरावा होता. आई मरायच्या आत तिच्या कपाळावरचा डाग पुसता येणार होता, आणि तिच्या तिरडीला भावकीचा खांदा मिळणार होता.

गणपतीच्या सुटीत ती गावी आली. शेत सातपुड्याच्या अंगाला आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कळलावीचे वेल कुंपणाला लोंबत होते, लाल-पिवळी फुलं आगीसारखी फुललेली. तिने हातमोजे घालून कंद खणले. एक किसून ग्लासभर पाण्यात टाकला, दुसऱ्या ग्लासात नुसतं पाणी घेतलं, आणि दोन्हींवर कांदे बसवून परसातल्या बंद खोलीत ठेवले. तीन दिवसांत साध्या पाण्यातल्या कांद्याला पांढऱ्या मुळ्यांची दाढी आली. कळलावीच्या पाण्यातल्या मुळ्या जिथल्या तिथे थांबल्या होत्या आणि त्यांची टोकं फुगून सोट्यासारखी झाली होती. यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. शेतकऱ्याच्या डोळ्याला मूळ कळतं.

तिने भिंतीपलीकडे दीपकला फोन लावला. दीपक आता स्वतः लेकराबाळांचा बाप, मनाने सरळ. चार वाक्यांत तिने त्याला सगळं सांगितलं, की करणी नव्हती, कळलावी होती. "उद्या काकाले घेऊन ये अंगनात. डोयानं पाहू दे." दीपकने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आनतो ताई. नाही आले तं उचलून आनतो."

फोन ठेवून ती कांदे आणि उरलेले कंद अंगणात घेऊन आली. दिवेलागण झाली होती. शालूबाई ओट्यावरून उठली, जवळ आली आणि वर्तमानपत्रावरचे कंद पाहून जागीच थांबली.

"हे कोनं आनलं?"

"म्या. धुऱ्यावरचं हाय. हात नको लावू, माय."

"काऊन लावू? एकदा लावला तेवढा पुरे हाय."

जयमालाने हातातला ग्लास खाली ठेवला. "तुले माहीत होतं?"

शालूबाई खाली बसली. पदर कपाळावर घट्ट ओढून तिने गुडघ्यांना मिठी घातली. "तानू गेली, अन् मले चालता याले लागलं, तवा शेतात गेलती. वेलाखाली खड्डे दिसले, पावसाच्या पान्यानं भरलेले. तवाच कयलं."

"मंग बोलली काऊन नाही? गाव करनी म्हने, अन् तू गप बसली?"

"करनी म्हने तं मले म्हने. कंद म्हटलं असतं तं इचारलं असतं, आनले कोनं."

इतकी हुशार जयमाला, पण हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता. तिने कांदे मांडले, मुळ्या मोजल्या, पण कंद आपल्या पायांनी घरात चालत आले नसतील, हे तिला सुचलं नव्हतं. मोरीपाशी हसणारी काकू तिच्या डोळ्यांपुढे आली. नांगर निघाला, म्हनते. कोण म्हणालं ते काकूने सांगितलं नव्हतं. त्या काळातली बायको कोणाचं बोलणं असं नाव न घेता, लाजून, हसून सांगते?

"शेषरावकाका?" तिने विचारलं. 

"हाव. अबोला होता ना आमच्यात, तं म्हने दोघीच्या उपासाले मीच आनतो कंद, खा अन् बोला एकमेकीसंग. रानकंद समजून हौसेनं खनून आनले. मले कडू लागले, म्या दोन फोडी खाऊन बाजूले सारले. तिनं नाही टाकले. त्याईनं आनले होते ना." शालूबाईने डोळे पुसले नाहीत, नुसतं पलीकडच्या भिंतीकडे पाहिलं. "ती गेल्यावर दोन डाव पाह्यलं त्याईले विहिरीवर. पाय आत सोडून बसलेले. दीपक झोळीत रडून राह्यलेला. त्या मानसाले अजून कयलं नव्हतं, तरी अशी गत. कयलं असतं तं? मंग सासूबाईनं करनी काढली अन् त्याईले राग आला. माह्या नावानं शिव्या देत देत जेवाले लागले. राग असला का मानूस जगते, पोरी. म्या म्हटलं, करू दे."

"अन् बाबा? त्याईले तरी सांगायचं."

"भावाले भावाचं सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ."

अंधार उतरत होता. शालूबाईचा हात मानेमागे गेला. या वेळी जयमाला अगदी जवळ होती आणि तिला ते पुटपुटणं पहिल्यांदा ऐकू आलं. "नाही वं. नाही सांगतलं."

"माय, कोनाले म्हनते?"

"तानूले. रोज येते ना. मांगून हिसका देते, अन् इचारते, सांगतलं काय वं त्याईले? नाही म्हटलं का जाते." ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, शेजारीण डाळ मागायला येते असं सांगावं तशी. "केस लांब असले का जोरात ओढते. म्हनून कातरतो. अन् मी खामगावले आली तं तानू कोनाले इचारीन?"

जयमाला शास्त्र शिकलेली बाई. तिला म्हणता आलं असतं, की हे मनाचे खेळ आहेत. पण तिची स्वतःची वेणी पाठीवर होती, ती तिने हळूच पुढे घेतली.

सकाळी उठल्या उठल्या तिने दीपकला फोन केला, येऊ नका. दीपक म्हणाला, "ताई, बा तं रातभर बसूनच हाय. म्या नुसतं कयलावी म्हटलं, अन् जेवले बी नाही. निघालो आमी." तिने धावत जाऊन कांदे, पाणी, कंद सगळं मागच्या खड्ड्यात लोटलं आणि वर माती ओढली. परत आली तेव्हा फाटक वाजत होतं.

शेषराव काठी टेकत आत आला. भिंत झाल्यापासून पहिल्यांदा. पंचाहत्तरी ओलांडलेला, पाठीत वाकलेला. त्याने शालूबाईकडे पाहिलं नाही.

"दीपक म्हनते, कयलावी होती."

"म्हंजे... मले तसं वाटते, काका. पक्कं कायी नाही." परीक्षेत 'वाटते' लिहिणाऱ्या पोरांचे मार्क कापण्यात जिची उभी नोकरी सरली, ती जयमाला असं म्हणाली.

"कंद दाखव."

"फेकले."

"ताई, कांदे बी दाखवतो म्हनली होती ना?" दीपक गोंधळून म्हणाला. तिने मान हलवली. शालूबाई दारात उभी होती, श्वास धरून. क्षणभर वाटलं, निभलं. झाकली मूठ आणखी चार वर्षं झाकलेली राहील.

पण धावपळीत एक कंद जयमालाच्या हातून निसटला होता. तो भिंतीच्या बुडाशी पडला होता, मातीने माखलेला, दोन फाट्यांचा. शेषरावाने तो पाहिला. काठीवर भार देऊन तो वाकला आणि कंद उचलला.

"भाऊजी, राहू द्या. इखारी हाय ते." इतक्या वर्षांनी शालूबाई त्याच्याशी बोलली ते हेच.

त्याने ऐकलं नाही. अंगठ्याने माती पुसत तो कंद तळहातावर उलटा-पालटा करत राहिला. शेतकऱ्याचा हात, जिन्नस नजरेआधी हाताने ओळखणारा. मग अगदी हळू, कोणाला सांगत नसल्यासारखा, तो म्हणाला, "नांगराचं खायचं नाही आज..."

आणि तिथेच थांबला. उरलेलं वाक्य कोणी पुरं केलं नाही. जयमालाच्या कानांत मात्र ते काकूच्या हसण्यासकट पुरं झालं.

म्हातारा खाली बसला.  दीपक धावला. "बा, काय झालं?" त्याला काही कळलं नव्हतं, आणि बापाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो शालूबाईकडे पाहत होता, तिच्या पदराखालच्या कातरलेल्या डोक्याकडे.

"वैनी. तुमाले माहीत होतं."

तिने आत जाऊन तांब्या भरून आणला. "आंधी हात धुवा," म्हणाली. त्याच्या हातातून कंद काढून बाजूला टाकला, आणि लहान पोराचे धुवावेत तसे त्याचे दोन्ही हात साबणाने धुतले, नखांतली माती काढून. मग दुसरा तांब्या आणला आणि पुढे धरला. शेषरावाने तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी प्यायला. पिताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी तांब्यात पडत होतं. जयमालाने तोंड फिरवलं. तिला हेच तर हवं होतं, आणि आता ते पाहवत नव्हतं.

फाटकाशी जाऊन म्हातारा वळला. "दीपक, ह्या बाईच्या तिरडीले पह्यला खांदा माहा. मी नसलो तं तुहा."

"अजून मेली नाही मी, भाऊजी," शालूबाई म्हणाली.

तो दिवस कसा गेला ते दोघी मायलेकींनाच ठाऊक. स्वयंपाक झाला, जेवण गेलं नाही. पलीकडून काही आवाज येत नव्हता. संध्याकाळी शालूबाईने दिवा लावला आणि ओट्यावर टेकली. जयमाला दाराच्या चौकटीत उभी राहिली, नको असतानाही वाट पाहत.

म्हातारीचा हात मानेमागे गेला. खरंच कोणी ओढलं असावं तशी तिची मान मागे झुकली.

"नाही वं तानू," ती म्हणाली. "म्या नाही सांगतलं." मग हळूच, "त्याईचं त्याईले कयलं."

रोज एवढं बोलून ती तांदळाकडे वळायची. आज वळली नाही. मान तशीच झुकलेली राहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडे लोखंड वाजलं. खणकन एकदा, मग घासल्यासारखं.

शालूबाई ताडकन उठली. "जयमाला, पाह्य बरं, जायी हाय ना जाग्यावर?"

जयमाला भिंतीशी धावली आणि दगडावर चढून पलीकडे डोकावली. शेषराव विहिरीवर बसला होता, जाळीच्या मधोमध. पाय आत सोडायला जागा नव्हती, म्हणून गुडघे छातीशी धरून. नव्या रंगाची जाळी त्याच्या वजनाने जरा दबली होती, पण पक्की होती. दीपक काठावर उभा होता, बापाच्या खांद्यावर हात ठेवून.

"बसलेत, माय. जाळीवर. दीपक हाय जवय."

"बसू दे." शालूबाईने श्वास सोडला. मग आपल्या खांद्यामागे, कोणी उभं असावं तिथे, तोंड वळवून ती हलक्या आवाजात म्हणाली, "जाय तानू. आज तिकडं बस."

ती परत ओट्यावर टेकली. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला होता. तो तिने वर घेतला नाही आणि सूप पुढे ओढून तांदूळ निवडायला लागली.